विशेष गरजा असलेल्या मुलांना रोजचे कपडे निवडायला शिकवताना

कपडे घालायला शिकवण्यावर सगळ्यांचीच मेहनत होते. बटण, चेन, बुटाची लेस यांवर महिनेच्या महिने जातात. पण कपाटासमोर उभं राहून आज काय घालायचं हे ठरवणं मात्र बहुतेक घरांत आईच्या किंवा सांभाळणाऱ्याच्याच हातात राहतं. मग पंधरा वर्षांचा मुलगा शर्टाची सगळी बटणं बिनचूक लावतो, आणि आई दोन दिवस बाहेरगावी गेली की भर उन्हाळ्यात लोकरीचा स्वेटर चढवून बसतो. त्याला घालता येतं, निवडता येत नाही. उलटही असतं. सेरेब्रल पाल्सीमुळे स्वतः बाही घालता न येणारी मुलगी कोणता फ्रॉक हवा ते नजरेनं अगदी स्पष्ट सांगू शकते, फक्त तिला कोणी विचारत नाही. म्हणून नव्यानं हे काम करणाऱ्यांनी पहिली गोष्ट पक्की धरावी: निवडायला शिकवण्यासाठी घालता येण्याची वाट बघायची नसते. दोन्ही सोबत चालू शकतं, किंवा निवड आधीही येऊ शकते.

निवड म्हणजे नेमकं काय शिकवायचं? आपण सकाळी न बोलता पाच प्रश्न सोडवतो. हवा कशी आहे? कुठे जायचं आहे? कपडा स्वच्छ आहे का? अंगाला नीट बसतो का? आणि मला आवडतो का? पहिल्या चारांना बरोबर-चूक उत्तर असतं, ते शिकवता येतं. पाचव्याला तसं उत्तर नाही, तो प्रश्न त्या मुलाचा. शिकवणारे लोक इथेच गल्लत करतात. चार प्रश्न स्वतःच सोडवून मोकळे होतात आणि पाचव्यात मात्र नाक खुपसतात: "हा नको गं, तो पिवळा छान दिसतो तुला." व्हायला हवं याच्या बरोबर उलटं.

आधी नुसतं बघा

शिकवायला लगेच सुरुवात करू नका. आठवडाभर वही ठेवा आणि मूल काय घालतं, काय ढकलून देतं, दिवसात कधी काय काढून टाकतं ते लिहा. "हट्टी आहे, कपडेच घालू देत नाही" असं म्हटल्या जाणाऱ्या मुलाच्या वहीत बरेचदा एक सरळ धागा सापडतो: कॉलरचे सगळे शर्ट नको, गोल गळ्याचे चालतात. किंवा नवे कपडे नको, चार वेळा धुतलेले चालतात.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये तर हे आवर्जून तपासावं. स्पर्श, आवाज, तापमान यांची संवेदना नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी असणं हे लक्षण २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात स्वमग्नतेच्या निकषांमध्येच घेतलं गेलं. मानेमागचं लेबल, मोज्याच्या टोकाची शिवण, घट्ट इलॅस्टिक, अंगाला घासणारं सिंथेटिक कापड या गोष्टी आपल्याला जाणवतही नाहीत, आणि त्या मुलाचं मात्र दिवसभर दुसऱ्या कशात लक्ष लागत नाही. उपाय अवघड नाहीत. लेबल मुळापासून उसवा. कापून टाकलं तर उरलेली कडा आणखी टोचते. बिनशिवणीचे मोजे आणा, ते नसतील तर मोजे उलटे घालू द्या. काही मुलांना याच्या उलट अंगाबरोबर घट्ट बसणारा कपडा शांत करतो. अशा मुलाला "सैल घाल, हवा खेळेल" हा सल्ला मानवणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराच्या आतून येणारी खबर. गरम होतंय, थंडी वाजतेय, ओलं झालंय हे काही मुलांना उशिरा कळतं, काहींना कळतच नाही. घामानं शर्ट भिजलेला असतो आणि विचारलं तर उत्तर येतं, "नाही, गरम नाही." ते मूल खोटं बोलत नसतं. अशा मुलाला "थंडी वाजली की स्वेटर घाल" हे सांगून उपयोग नाही, कारण वाक्याचा पहिला अर्धा भागच त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला डोळ्यांना दिसेल अशी बाहेरची खूण द्यावी लागते. तिच्याकडे पुढे येऊच.

काही बाबी वैद्यकीय आहेत आणि त्या सुरुवातीलाच विचारून घ्याव्यात. अपस्मारासाठी (फिट येण्याच्या आजारासाठी) दिल्या जाणाऱ्या टोपिरामेट किंवा झोनिसामाइड या औषधांनी घाम कमी येऊ शकतो, त्यामुळे उन्हाळ्यात जाड कपड्यांचा धोका वाढतो. मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्यांचं शरीर तापमान नीट सांभाळू शकत नाही. या मुलांच्या बाबतीत हवेनुसार कपडे हा आरोग्याचा प्रश्न आहे, त्यामुळे डॉक्टरांशी बोलून मर्यादा ठरवा.

हाताच्या क्षमतेचाही निवडीशी संबंध आहे. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, बोटांत जोर कमी असतो. अशा मुलीनं बारीक बटणांचा शर्ट निवडला आणि मग तो घालताना वीस मिनिटं झगडली, तर दुसऱ्या दिवशी ती निवडायलाच तयार होत नाही. शरीराची एक बाजू कमजोर असेल तर घालताना कमजोर हात आधी आणि काढताना शेवटी, हा नियम ठरलेला. त्यासाठी पुढून उघडणारे किंवा ताणले जाणारे कपडे कपाटात हवेत. व्हीलचेअरवर दिवसभर बसणाऱ्याला मागचे खिसे आणि जाड शिवणी असलेली पँट नको, सततच्या दाबानं कातडीला जखमा होतात. लांब सैल बाह्या किंवा लोंबणारी टोकं चाकात अडकतात. या अटी आपण आधीच पाळल्या, म्हणजे तसलेच कपडे कपाटात ठेवले, की मुलाला त्यातून काहीही निवडायला मोकळीक देता येते.

कपाट हलकं करा

शिकवण्याचा अर्धा भाग इथे उरकतो. गच्च भरलेलं कपाट हे कुणालाही गोंधळात टाकतं. ज्या मुलाला एका वेळी दोन-तीन गोष्टींहून जास्त मनात धरता येत नाहीत त्याला तर ते बंदच असल्यासारखं. आखूड झालेलं, फाटलेलं, ऋतूबाहेरचं सगळं आधी बाहेर काढा. वरचा कप्पा वरच्या कपड्यांचा, खालचा खालच्यांचा, एक डबा आतल्या कपड्यांचा, एक मोज्यांचा. सगळं मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर, आणि व्हीलचेअर असेल तर बसून हात पोचेल अशा.

कप्प्यांवर चित्रं लावायची असतील तर मुलाच्याच कपड्यांचे फोटो काढा. छापील चित्रातला निळा टी-शर्ट आणि कपाटातला पट्ट्यांचा टी-शर्ट एकच प्रकार आहेत हे सगळ्याच मुलांना कळत नाही. फोटो काढताना एकाच पांढऱ्या चादरीवर कपडा पसरा. हा बारकावा क्षुल्लक वाटेल, पण त्यामागे कारण आहे. मानसशास्त्रज्ञ लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवलं होतं की स्वमग्न मुलं बरेचदा अनेक खुणांपैकी एकाच खुणेला धरून प्रतिसाद देतात. ती खूण फोटोतल्या सतरंजीचं नक्षीकामही असू शकते. मूल मग "नक्षीवाला फोटो" शिकतं, स्वेटर शिकत नाही.

दिसत नसलेल्या किंवा कमी दिसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी खुणा हाताला लागणाऱ्या हव्यात. पँटच्या कमरेला आतून एक बटण शिवलं की काळी, दोन शिवली की निळी. शर्टाच्या खालच्या कडेला गाठ. खूण नेहमी ठरलेल्या एकाच जागी असावी आणि धुतल्यावर टिकावी. जोडी जमणारे कपडे एकाच हँगरला एकत्र टांगले तर रंगसंगतीचा प्रश्न निम्मा मिटतो.

पहिली निवड: दोन, आणि दोन्ही बरोबर

सुरुवातीला सगळा पोशाख निवडायला लावू नका. बाकी सगळं तुम्ही काढून ठेवा: आतले कपडे, पँट, मोजे. फक्त शर्ट तेवढा शिल्लक ठेवा. दोन शर्ट समोर धरा, दोन्ही आजच्या हवेला आणि कामाला चालणारे. म्हणजे मूल काहीही निवडो, ते बरोबरच ठरतं, आणि तुम्हाला "तो नको" म्हणायची वेळ येत नाही. पहिल्या दिवसांत निवडीचा शेवट "नको"नं झाला, तर मूल तुमच्या तोंडाकडे बघून निवडायला शिकतं.

इथे नवख्यांची फसगत होते ती अशी.

शिक्षिका विचारते, "लाल हवा की निळा?" मुलगा म्हणतो, "निळा." छान. दुसऱ्या दिवशी, "लाल की निळा?" "निळा." वहीत नोंद होते, निळा रंग आवडतो. तिसऱ्या दिवशी कोणी उलटं विचारतं, "निळा हवा की लाल?" आणि उत्तर येतं, "लाल." मुलगा रंग निवडतच नव्हता. तो वाक्याचा शेवटचा शब्द परत म्हणत होता.

तसंच हाताचं. काही मुलं नेहमी उजवीकडच्या कपड्याला हात लावतात, मग तिथे काहीही असो. म्हणून बोलण्याचा क्रम आणि कपड्यांची बाजू, दोन्ही रोज बदला. शंका आली तर एक सोपी परीक्षा आहे: एका हातात त्याचा आवडता शर्ट धरा आणि दुसऱ्या हातात आईचा मोठा शर्ट किंवा धाकट्या भावाचा अगदी तोकडा. तरीही तो उजवीकडचाच घेत असेल, तर निवड अजून सुरू झालेली नाही आणि एक पायरी मागे यायला हवं.

विचारल्यावर थांबा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. आपल्याला ती शांतता असह्य होते आणि आपण प्रश्न पुन्हा विचारतो, शब्द बदलून विचारतो, मग शर्ट पुढे करून हलवतो. मुलाच्या डोक्यात पहिला प्रश्न अजून उलगडत असतो, तोवर तिसरा येऊन आदळतो. एकदाच विचारा, कमी शब्दांत विचारा, आणि गप्प राहा.

उत्तर शब्दांतच यायला हवं असं नाही. बोट, नजर, फोटो उचलून देणं, मानेची हालचाल, टॅबवरचं बटण, काहीही चालेल. मात्र कोणत्या खुणेला "हो" धरायचं हे घरी आणि शाळेत एकच ठरवा. "दोन्ही नको" म्हणायचीही एक खूण शिकवा. नाही म्हणायचा मार्ग नसेल तर मूल तो कपडा फेकून म्हणतं.

दोनातून निवड नीट जमू लागली की दोनाचे तीन करा, मग पँटही निवडीत आणा. घाई करू नका.

हवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हा प्रश्न रोज बदलतो आणि त्याचं उत्तर कपाटात सापडत नाही.

महिन्यावरून कपडे ठरवायला शिकवू नका. "अमुक महिना म्हणजे स्वेटर" हा नियम शिकवायला सोपा आणि मोडायला फार कठीण. नियमांना घट्ट धरून राहणारं मूल त्या महिन्यातल्या उकाड्याच्या दिवशीही स्वेटर सोडत नाही, आणि दोष आपल्या शिकवण्याचा असतो. खूण त्या दिवसाची असावी.

रोजचा क्रम ठरवून टाका: कपाट उघडायच्या आधी खिडकी. खिडकीशी उभं राहायचं, हात बाहेर काढायचा, काय लागतं ते सांगायचं.

"बाहेर बघ. काय दिसतंय?"
"पाऊस."
"मग काय घ्यायचं?"
"छत्री."
"आणि पायात?"
इथे बहुधा उत्तर येत नाही. तेव्हा सांगून टाकू नका. भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करा, तिथे पावसाच्या ढगाखाली छत्री, रेनकोट आणि चप्पल यांचे फोटो आहेत.
"चप्पल. ताई, बूट भिजतात."

कारण आलं! "बूट भिजतात" हे तीन-चार महिन्यांनी येतं, काहींच्या बाबतीत वर्षानं येतं, काहींच्या बाबतीत येत नाही आणि तक्ता कायम राहतो. तक्ता कायम राहिला तरी काही बिघडत नाही. आपणही पाऊस येणार का ते फोनमध्ये बघतोच.

शरीराची खबर न पोचणाऱ्या मुलांसाठी भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर फार कामाचा. त्यावर रंगीत पट्ट्या चिकटवा: निळ्या पट्टीत पारा असेल तर जाड कपडा, पिवळ्यात पूर्ण बाह्यांचा, लालमध्ये अर्ध्या बाह्यांचा. कपाटातल्या कप्प्यांनाही तेच रंग द्या. पट्ट्या कोणत्या आकड्यावर लावायच्या हे त्या मुलाला किती थंडी-उकाडा सोसतो ते काही दिवस पाहून ठरवा. पुस्तकातला आकडा घेऊ नका. दोन मुलांचे आकडे वेगळे असू शकतात.

आता एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा. जाड कपडा म्हणजे काय हे आपण गृहीत धरतो. शिकवताना एका बाजूला लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि दुसऱ्या बाजूला पातळ बनियन दाखवलं, तर मूल "लांब बाह्या म्हणजे थंडी" एवढंच उचलू शकतं. मग थंडीत ते पातळ, लांब बाह्यांचा टी-शर्ट घालून खुशीत निघतं. म्हणून जवळजवळ सारखे दिसणारे दोन कपडे घ्या, दोन्ही लांब बाह्यांचे, शक्यतो एकाच रंगाचे, एक जाड आणि एक पातळ. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात कापड चिमटीत धरायला लावा. जाड कापडाची चिमूट फुगीर लागते, पातळ कापड धरलं की बोटं जवळपास एकमेकांना टेकतात. डोळे मिटून करायला लावा, मुलांना तो खेळ वाटतो. बोटांना फरक कळला की मगच थंडी-उन्हाळ्याशी जोडा.

एवढं झालं तरी काम अर्धंच. सकाळी गारठा आणि दुपारी ऊन असे दिवस असतात, आणि सकाळी बरोबर असलेला स्वेटर दुपारी चूक होतो. स्वेटर घालायला शिकवणाऱ्यांनी तो काढायलाही शिकवायला हवा. ठरलेल्या वेळी, समजा मधल्या सुट्टीत, तपासणी ठेवा: कपाळाला हात लाव, ओलं लागलं तर वरचा कपडा काढ, घडी कर, बॅगेत ठेव. बॅगेत ठेवणं वेगळं शिकवावं लागतं, नाहीतर स्वेटर बाकावर राहतो. काढायच्या कपड्याच्या आत काहीतरी घातलेलं आहे ना, हेही तपासायला शिकवा. हे आधी शिकवलं नाही तर काय होतं ते सांगायला नको.

कुठे जायचं आहे

प्रसंगांचे प्रकार सुरुवातीला चारच ठेवा: झोप, घर, बाहेर, खेळ. लग्नसमारंभ, दवाखाना, कामाची जागा हे सगळं नंतर. प्रत्येक प्रकारासाठी एक फोटो आणि त्याखाली चालणाऱ्या दोन-तीन पोशाखांचे फोटो. दिवसाच्या वेळापत्रकात कुठे जायचं त्याचं चित्र आधीच असेल, तर मुलानं तिथून चित्र काढून कपाटाच्या तक्त्याशी जुळवायचं.

सुट्टीच्या दिवशी गणवेशच हवा म्हणून रडणारी मुलं पुष्कळ. त्यांना समजावून उपयोग होत नाही. गणवेश वेगळ्या कप्प्यात ठेवा, त्या कप्प्यावर शाळेचा फोटो लावा, आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मुलाच्याच हातानं त्या फोटोवर "आज नाही"ची खूण लावून घ्या. सकाळचा वाद संध्याकाळी, शांतपणे, आटोपतो.

एकंदरच निवड आदल्या रात्री केलेली बरी. सकाळच्या गडबडीत बसचा हॉर्न वाजत असताना कोणाचंच शिकणं होत नाही, आणि शिकवणाऱ्याचा हात आपोआप पुढे होतो. रात्री कपडे खुर्चीवर काढून ठेवायचे, सकाळी खिडकीशी जाऊन फक्त एक गोष्ट तपासायची: वरचा कपडा बदलायचा का?

स्वच्छ आहे का, बसतो का

इथे थोडक्यात आटपता येतं. वास घेऊन ठरवणं अनेकांना जमत नाही, म्हणून आतले कपडे आणि मोजे यांना एकच नियम: रोज धुतलेले. चर्चा नाही. बाकीच्यांना नजरेची तपासणी, उजेडात धरून पुढून आणि मागून: डाग? फाटलंय? काखेत ओलं? दोन टोपल्या ठेवा, धुवायची आणि पुन्हा घालायची. काढलेला कपडा कपाटात परत जाता कामा नये, नाहीतर स्वच्छ आणि वापरलेलं यांची सरमिसळ होऊन शिकवलेलं वाया जातं.

बसतो का हे पाहायला आरशासमोर तीन हालचाली: दोन्ही हात वर, खाली वाक, खुर्चीत बस. पोट किंवा पाठ उघडी पडली, कुठे आवळलं, तर तो कपडा बाद. पुढची बाजू-मागची बाजू गोंधळते तिथे गळ्याच्या आत मागच्या बाजूला रंगीत धाग्याचा टाका घाला.

मदत कमी करत जाणं

मदतीचे प्रकार उतरत्या क्रमानं असे: हात धरून करून घेणं, करून दाखवणं, बोट दाखवणं, चित्र, आणि काहीच नाही. यात बोलून सांगणं मी मुद्दाम धरलेलं नाही. तोंडी सूचना द्यायला सगळ्यात सोपी आणि काढून घ्यायला सगळ्यात अवघड. "आता कपाट उघड, आता शर्ट काढ" हे रोज ऐकणारा विद्यार्थी ते वाक्य ऐकेपर्यंत उभाच राहतो. बोलण्याऐवजी मागे उभं राहून चित्राकडे बोट करा. चित्र भिंतीवर राहू शकतं, तुम्ही आयुष्यभर मागे उभे राहू शकत नाही.

सुरुवातीला चुका होऊच देऊ नका, प्रश्नाबरोबरच खूण द्या. काही दिवसांनी प्रश्न आणि खूण यांच्यात पाच सेकंदांचं अंतर ठेवा. त्या पाच सेकंदांत मूल स्वतः हलू लागलं की समजा गाडी पुढे निघाली. वहीत रोज एकच अक्षर लिहा: ह म्हणजे हात धरून, ब म्हणजे बोट दाखवून, च म्हणजे चित्र, स्व म्हणजे स्वतः. लांबलचक अहवाल लिहायचे ठरवले तर ते दोन आठवड्यांत बंद पडतात. "ठीक चाललंय" या वाटण्यावर विसंबू नका. अक्षरांची रांग बघितली की महिनाभर "च"वरच अडकलोय हे स्पष्ट दिसतं.

शाळेत जमलेलं घरी जमेलच असं धरून चालू नका. दुसरी व्यक्ती, दुसरं कपाट, प्रवासातली बॅग, पाहुण्यांच्या घरची खोली, या प्रत्येक ठिकाणी थोडं-थोडं पुन्हा शिकवावं लागतं. निदान तक्ता तरी सगळीकडे एकसारखा ठेवा.

चुकीची निवड झाली तर

आधी स्वतःला विचारा, ही चूक कोणत्या जातीची आहे? इजा होईल अशी चूक, म्हणजे उन्हात लोकर किंवा चाकात अडकणारी ओढणी, ती थांबवायचीच. पण हातातून काढून घेऊन थांबवू नका, पुन्हा खिडकीशी नेऊन थांबवा. लोक हसतील किंवा लाज जाईल अशी चूक, जसं उलटा शर्ट, उघडी चेन, बाहेर जाताना झोपायचे कपडे, ती आरशासमोर दाखवायची आणि दुरुस्तीची संधी द्यायची. तिसरी जात म्हणजे आपल्याला न आवडणारी निवड. चौकटीवर पट्टे, हिरव्यावर जांभळा. ती चूक नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली मंजूर केलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारात, त्याच्या पहिल्या काही तत्त्वांतच, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचं स्वातंत्र्य लिहिलेलं आहे. शर्ट हा त्यातला अगदी छोटा निर्णय आहे, तेवढा तरी सोडून द्या.

किंचित गैरसोय होणारी निवड अधूनमधून होऊ देण्यातही शहाणपण आहे. थोडा गारवा आहे, स्वेटर नको म्हणतो, तर स्वेटर तुमच्या पिशवीत घ्या आणि जाऊ द्या. दहा मिनिटांनी त्यानं स्वतः मागितला तर तो धडा तुमच्या दहा सूचनांपेक्षा टिकतो. वर सांगितलेल्या वैद्यकीय अडचणी असलेल्या मुलांवर मात्र हा प्रयोग नाही.

रोज एकच शर्ट हवा म्हणणाऱ्याशी भांडू नका. तसेच तीन घ्या. बदल आणायचाच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला: तेच कापड, तोच आकार, फक्त रंग वेगळा.

मोठं होताना

वयात येताना यादीत नव्या गोष्टी येतात आणि त्या लाजेनं राहून जातात. ब्रा कधी, पाळीच्या दिवसांत गडद रंगाची पँट आणि बॅगेत एक जादा जोड, कपडे बदलताना दार बंद, कोणासमोर काय काढायचं आणि काय नाही. हे सगळं पाळी सुरू व्हायच्या आधी, शक्यतो वर्षभर आधी, चित्रांसह शिकवायला घ्या. मुलीला आई किंवा शिक्षिकेनं, मुलाला घरातल्या किंवा शाळेतल्या पुरुषानं शिकवलं तर बरं. ज्यांना कायम दुसऱ्याच्या मदतीनं कपडे बदलावे लागतात, त्यांना कोण मदत करू शकतं आणि कोण नाही हे ओळखायला शिकवणं तर अधिकच गरजेचं.

वयाला शोभेल असं काय, हा प्रश्न येतोच. सतरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर लहान मुलांचं कार्टून असतं तेव्हा दोन शक्यता असतात. एक, त्याच्या वयाचे बाकीचे काय घालतात हे त्यानं कधी नीट पाहिलंच नाही, त्याचे कपडे कोणीतरी दुसरंच आणतं. दोन, त्यानं पाहिलंय आणि त्याला तेच हवंय. पहिलीवर काम करा: त्याच्या वयाच्या मुलांचे फोटो दाखवा, त्यांच्याबरोबर फिरायला पाठवा. दुसरीत पडू नका.

दुकानात कपडे घ्यायला न्याल तेव्हा गर्दी नसलेली वेळ निवडा. घरून त्याच्या अंगाला नीट बसणारा एक शर्ट आणि एक पँट पिशवीतून न्या, म्हणजे मापं घेण्याचा किंवा ट्रायल रूमच्या अरुंद खोलीत कोंडून घेण्याचा त्रास वाचतो, कपडा नुसता त्यावर ठेवून बघता येतो. चिमटीनं कापड तपासणं, आतली शिवण बोटानं चाचपणं, चेन दोनदा उघडून बघणं हे त्यालाच करू द्या. दोन कपडे ठरले की बस्स, त्या दिवसाची खरेदी तिथे थांबवा. पैसे द्यायला त्याला पुढे करा, आणि विक्रेता तुमच्याकडे बघून "यांना कोणता रंग हवाय?" असं विचारू लागला तर उत्तर देऊ नका, मुलाकडे बघा.